तुटलेली ओळ : ब्राउझरमधील छपाई आणि संहितेचा उजवा काठ

मराठी काव्यसमीक्षेत ‘ओळ’ हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो की, त्याखाली दोन भिन्न वस्तू दडलेल्या आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. एक ओळ कवितेची असते. तिची हद्द छंदाने, यमकाने, श्वासाने किंवा अर्थाच्या वळणाने आखलेली असते आणि ती ठरविण्याचा अधिकार कवीचा असतो. दुसरी ओळ कागदाची असते. पानाची रुंदी, अक्षराचा आकार आणि सोडलेला समास यांवर ती ठरते. तिच्या शेवटाशी लेखकाचा काहीही संबंध नसतो. गद्यात फक्त दुसऱ्या प्रकारची ओळ असते. पद्यात मात्र दोन्ही ओळी एकाच जागी येऊन बसतात आणि वाचक त्यांना एकच समजून चालतो. छापील पुस्तकाच्या काळात हा भेद सांभाळण्याचे काम जुळारी निमूटपणे करीत असे. वेबपान ब्राउझरमधून कागदावर छापण्याचा प्रघात १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पडला, तेव्हा या जागी जुळारी उरला नव्हता. लांब ओळ कागदात मावली नाही की ती उजव्या काठाशी कापली जाई, आणि कापलेला मजकूर कोठेही छापला जात नसे.

ही तक्रार वरवर पाहता तांत्रिक आहे आणि ती तशीच हाताळली गेली. साहित्येतिहासाच्या दृष्टीने मात्र प्रश्न पुराव्याचा आहे. १९९५ ते २०१० या काळात वेबवर प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा मोठा भाग आज मूळ जागी नाही. जिओसिटीजसारखी लाखो वैयक्तिक पाने सामावणारी सेवा २००९मध्ये बंद झाली. अशा लेखनाची छापून ठेवलेली प्रत एखाद्या अभ्यासकाच्या फायलीत सापडते, तेव्हा ती प्रत म्हणजे संहितेची साक्ष असते. आणि ही साक्ष उजव्या काठाशी त्रुटित असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. पाठचिकित्सेला वाळवीने खाल्लेल्या, पाण्याने भिजलेल्या, कडा झिजलेल्या पोथ्यांची सवय आहे. यंत्राने पहिल्याच दिवशी त्रुटित करून दिलेल्या प्रतीची सवय अजून झालेली नाही.

या प्रश्नाकडे पोथीच्या बाजूने पाहिल्यास काही गोष्टी उलगडतात. ताडपत्र मुळातच लांब आणि अरुंद. लेखन त्याच्या लांबीला समांतर चाले, त्यामुळे एका पानावर मोजक्याच पण दीर्घ ओळी मावत. पुढे कागद आला, तरी देवनागरी पोथीने आडव्या पानाचा आकार सोडला नाही. या पानावर ओवी असो वा श्लोक, मजकूर सलग लिहिला जाई. शब्दांमध्ये मोकळी जागा बहुधा नसे. उजवा समास आला की लेखनिक शब्दाच्या मध्येच थांबे आणि पुढच्या ओळीवर उरलेली अक्षरे लिही. ताडपत्रात दोरीसाठी पाडलेल्या छिद्राभोवतीची जागाही तो अशीच ओलांडून जाई. यात पद्याचे काही बिघडत नसे, कारण पद्याची हद्द ओळीने दाखविलेलीच नसे. ती दंडाने, दुहेरी दंडाने आणि त्यापुढील अंकाने दाखविलेली असे. कागदाच्या ओळीला पोथीत कोणताही अधिकार नव्हता, आणि म्हणून ती कोठेही मोडली तरी संहिता अभंग राही.

मराठी पद्याला डोळ्यांनी दिसणारी ओळ दिली ती मुद्रणाने. हा बदल एका रात्रीत झाला नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये मुंबईत पंचांग छापले, जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९मध्ये सुरू झाला. पण त्यानंतरही कित्येक धार्मिक ग्रंथ सुट्या आडव्या पानांच्या पोथीरूपातच छापले जात राहिले आणि त्यांत ओव्या सलगच धावत राहिल्या. दुसरीकडे शालेय पुस्तके, मासिके आणि नव्या कवितेचे संग्रह यांनी उभे पान स्वीकारले आणि चरण एकाखाली एक मांडण्याची रीत रुजविली. केशवसुतांनी मराठीत आणलेले सुनीत चौदा ओळींचे आहे, हे वाचकाला मोजून पाहता येते ते या रीतीमुळे. मुक्तछंदात तर ओळ हाच रचनेचा मुख्य आधार उरतो. अनिलांच्या ‘भग्नमूर्ती’पासून (१९४०) पुढे मराठी कवितेने यमक आणि मात्रा यांचा आधार जसजसा सैल केला, तसतसा भार छापील ओळीच्या शेवटावर पडत गेला. दंड केव्हाच गळून पडला होता. पोथीतल्या खुणा नाहीत आणि ओळीचा शेवटही विश्वासाचा नाही, अशी स्थिती आली तर आधुनिक कवितेजवळ दुसरा पुरावा नसतो.

लांब ओळीचे संकट मुद्रणालाही नवे नव्हते. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकन आहे. वॉल्ट व्हिटमनने ‘लीव्हज ऑफ ग्रास’ची पहिली आवृत्ती १८५५मध्ये ब्रुकलिनमध्ये स्वतः लक्ष घालून छापून घेतली, काही खिळे त्याने स्वतःच्या हाताने जुळविले. पुस्तकाचे पान मोठे होते, आणि त्याच्या दीर्घ ओळींना त्या रुंदीत पुष्कळच मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षीची दुसरी आवृत्ती खिशात मावेल अशी लहान आणि जाडजूड निघाली. त्या अरुंद पानात तीच ओळ दोनदा, तीनदा वळवून खाली घ्यावी लागली. मात्र प्रत्येक वळविलेला भाग आत सरकवून मांडण्याची मुद्रकांची पद्धत होती. या आत सरकवण्याने वाचकाला सांगितले जाई की, येथे कागद संपला आहे, कवितेची ओळ नाही. दोन ओळींमधला भेद एका लहानशा मोकळ्या जागेने राखला जाई. मराठीत नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तील (१९७२) गद्याच्या अंगाने जाणाऱ्या लांब ओळी वाचताना हाच प्रश्न येतो : ओळ कवीने थांबवली की पानाने? तिचे पुनर्मुद्रण वेगळ्या रुंदीच्या पानावर झाले आणि ही खूण राखली गेली नाही, तर संहिता बदलते, आणि एकही शब्द बदललेला नसल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही.

संगणकाकडे ओळ आली ती या परंपरेतून नव्हे. ती आली हिशेबाच्या कार्डातून. आयबीएमने १९२८मध्ये ८० स्तंभांचे पंचकार्ड बाजारात आणले आणि एक कार्ड म्हणजे एक ओळ हे समीकरण तेथून पक्के झाले. १९५७च्या फोरट्रॅन भाषेत यांपैकी पहिले ७२ स्तंभच यंत्र वाचत असे. ७३ ते ८० हे स्तंभ कार्डांच्या क्रमांकासाठी मोकळे राहत, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तर कार्डे पुन्हा क्रमाने लावता येत. सुट्या पानांच्या पोथीत समासात पानाचा अंक आणि ग्रंथाचे संक्षिप्त नाव लिहिण्यामागे नेमकी हीच काळजी होती, हे साम्य नोंदविण्यासारखे आहे. फरक एवढाच की, पोथीत लेखनिकाचा मजकूर समासात घुसला तर तो वाचता येई. ७२व्या स्तंभापलीकडे गेलेला मजकूर यंत्र गुपचूप सोडून देई. उजव्या काठाशी मूकपणे होणाऱ्या लोपाचे मूळ येथे आहे. पुढे कार्ड गेले, तरी मापे राहिली. पडद्यावर ८० अक्षरांची ओळ आली. मोठ्या ओळमुद्रकांच्या रुंद, घड्यांच्या कागदावर १३२ अक्षरांची. प्रोजेक्ट गुटेनबर्गने १९७१पासून साहित्यकृती साध्या मजकुराच्या रूपात संगणकात भरायला घेतल्या. त्यांत गद्यालाही ठराविक अक्षरांनंतर ओळ तोडलेली असे. कागदाची ओळ अशा रीतीने कायमची मजकुरात कोरली गेली.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे वेबची आखणी केली तेव्हा, १९९०च्या आसपास, या कोरलेल्या ओळीपासून सुटका करून घेण्याचा विचार तिच्या मुळाशी होता. एचटीएमएलमधील परिच्छेदाला रुंदी नसते. खिडकी जेवढी रुंद, तेवढी ओळ. खिडकी अरुंद केली की मजकूर पुन्हा रचला जातो. गद्यापुरता हा उपाय निर्दोष आहे, आणि अशा परिच्छेदांचे पान कागदावर छापले तरी ते बिनतक्रार नव्या रुंदीत बसते. अडचण पद्याची झाली. एचटीएमएलमध्ये परिच्छेद आहे, शीर्षक आहे, यादी आहे. पद्याची ओळ नाही. तिच्या जागी ‘येथे ओळ तोडा’ अशी नुसती आज्ञा आहे. १९९५च्या एचटीएमएल २.० या वर्णनात ही आज्ञा समजावताना उदाहरण एका इंग्रजी बालगीताचे दिले आहे. म्हणजे पद्याची गरज कर्त्यांना दिसत होती. तिच्यासाठी स्वतंत्र कोटी असावी असे त्यांना वाटले नाही. शिवाय एचटीएमएल लागोपाठच्या मोकळ्या जागा मिळून एकच मानते, त्यामुळे ओळ आत सरकवण्याची मुद्रकाची खूणही नाहीशी होते. ज्यांना कवितेची मांडणी जपायची होती, त्यांच्यासमोर मग ‘प्री’ ही एक खूण उरली. तिच्यात मजकूर जसा टंकलिखित केला तसाच राहतो. मोकळ्या जागा टिकतात, ओळी टिकतात. मात्र त्या कितीही लांब झाल्या तरी वळत नाहीत. या खुणेला रुंदी सांगण्याची सोय जुन्या वर्णनात होती, आणि तेथे सुचविलेल्या मापांत पंचकार्डाचे ८० आणि ओळमुद्रकाचे १३२ पुन्हा भेटतात. डिसेंबर १९९७च्या एचटीएमएल ४.०ने ती सोय त्याज्य ठरविली.

पडद्यावर न वळणारी ओळ खिडकीबाहेर गेली की खाली आडवी सरकपट्टी येते आणि वाचक उजवीकडे सरकून उरलेले वाचतो. कागदाला सरकपट्टी नसते. छपाईचे आकडे मांडून पाहिले म्हणजे हानीचे प्रमाण कळते. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद. इंटरनेट एक्सप्लोरर दोन्ही बाजूंना पाऊण इंच समास सोडत असे. तो वजा जाता सुमारे १७२ मिलिमीटर उरतात आणि इंचाला ९६ बिंदू या हिशेबाने ते सुमारे ६५० बिंदू होतात. त्या काळातील पाने ८०० बिंदूंच्या पडद्यासाठी रचली जात आणि पुष्कळदा सुमारे ७८० बिंदूंच्या ठाम रुंदीच्या सारणीत बसविली जात. म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटचे १३० बिंदू, ओळीचा सुमारे सहावा भाग, कागदाबाहेर. ‘प्री’मधील ओळ, ठाम रुंदीची सारणी, न तुटणारा लांब पत्ता आणि रुंद चित्र ही चारही याच वाटेने गेली. उर्दूच्या बाबतीत चित्राचा प्रश्न विशेष बोचरा होता. नस्तालीक लिपी ब्राउझरला नीट मांडता येत नसल्याने पुष्कळ उर्दू मजकूर कित्येक वर्षे चित्ररूपाने दिला जाई; डावीकडून मांडलेल्या पानात असे रुंद चित्र उजवीकडे कापले गेले, तर उर्दू ओळीचा शेवट नव्हे, आरंभच नाहीसा होई. गझलेचा मत्लाही मग बिनतोंडाचा.

यावर मूळ फाइल जतन केली असती तर छापील प्रतीची गरज काय, असा प्रश्न येथे निघेल. मराठीपुरते त्याचे उत्तर वेगळे आहे. विंडोज २०००पासून देवनागरी युनिकोड हळूहळू सामान्य संगणकावर आले, पण त्याआधीची आणि त्यानंतरचीही काही वर्षे मराठी संकेतस्थळे स्वतःच्या खाजगी फाँटवर चालत. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हे असत. त्यांवर तो विशिष्ट फाँट चढला तरच देवनागरी दिसे. फाँट हरवला की फाइल म्हणजे रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता. इंटरनेट आर्काइव्हने १९९६पासून अशी पाने साठविली आणि २००१मध्ये ती सर्वांना खुली केली. फाइल तेथे सुरक्षित असू शकते, वाचनीय असेलच असे नाही. कागदावर मात्र छपाईच्या क्षणी जे दिसले ते कायम देवनागरीतच राहिले. कापलेल्या काठाची ती प्रत कधी कधी एकमेव वाचनीय साक्ष ठरते, ती यामुळे. या फाँटांचा आणखी एक दोष कागदावर दिसतो. एखादा देवनागरी अवयव रोमन जोडरेघेच्या जागी बसविलेला असला, तर ब्राउझर त्या चिन्हाला जोडरेघच समजून शब्द मध्येच तोडू शके. अशा प्रतीतील विचित्र ओळभंग कवीच्या माथी मारण्यापूर्वी फाँटाची चौकशी करणे भाग आहे.

सुदैवाने देवनागरी आपली जखम लपवीत नाही. रोमनमध्ये कापलेली ओळ दोन अक्षरांच्या नेमक्या मध्ये कापली गेली, तर उरलेला भाग पूर्ण शब्दासारखा दिसू शकतो. देवनागरीतही ‘होताच’मधील ‘च’ गेला तर ‘होता’ उरतो आणि वाचक फसतो, हे खरे. पण शिरोरेषा अक्षराच्या मध्येच खुंटलेली आढळली की काप ओळखू येतो. त्याहून निर्णायक खूण पहिल्या वेलांटीची. ती उच्चारात व्यंजनानंतर असली तरी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते. काप तिच्या उजवीकडून गेला, तर ओळीच्या टोकाला व्यंजनाविना एकटी वेलांटी उभी राहते. कोणत्याही लेखनिकाने, जुळाऱ्याने किंवा कवीने अशी ओळ संपविलेली असणे शक्य नाही. पानावर अशी एक वेलांटी सापडली, तर त्या पानावरील त्याच रुंदीच्या सर्वच ओळींच्या शेवटांविषयी संशय धरणे योग्य ठरते.

छापील प्रतीच्या वरच्या आणि खालच्या काठावर ब्राउझर आपण होऊन पानाचे शीर्षक, पत्ता, दिनांक आणि पृष्ठसंख्या छापीत असे. हस्तलिखिताच्या पुष्पिकेत लेखनिक शक, तिथी आणि स्थळ देतो, तसेच हे. पाठचिकित्सकाला तिचे मोल मोठे आहे. दिनांकावरून संहितेची कोणती अवस्था हाती आहे ते कळते. खेदाची गोष्ट अशी की पत्ता लांब असला की पुष्कळदा तोही छाटला जाई. पुष्पिकाही त्रुटितच.

उपाय झाले नाहीत असे नाही. मे १९९८च्या सीएसएस २ने पडद्यासाठी एक आणि कागदासाठी दुसरी मांडणी सांगण्याची सोय दिली. ती वापरणारे थोडे. पुष्कळांनी ‘छपाईयोग्य प्रत’ अशी वेगळी कडी ठेवून भागविले. सीएसएसच्या पुढच्या सुधारणेत, जिला २०११मध्ये अंतिम शिफारशीचे रूप आले, मोकळ्या जागा आणि ओळी राखूनही गरज पडल्यास ओळ वळविण्याची तरतूद झाली. ‘प्री’ खुणेला वीस वर्षे जे साधले नव्हते ते तिने साधले. ऑक्टोबर २००६च्या इंटरनेट एक्सप्लोरर ७ने छपाईच्या वेळी पान आपोआप कागदाच्या रुंदीइतके आक्रसून घ्यायला सुरुवात केली. मोझिलाच्या ब्राउझरांत ही निवड होतीच. यामुळे लोप थांबला, पण १३०० बिंदूंची ओळ ६५०मध्ये बसवायची तर अक्षर निम्मे होते. बारा पॉइंटचे सहा पॉइंट. रोमन त्या आकारात जेमतेम वाचता येते. मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांनी वर-खाली भरलेली देवनागरी त्या आकारात गढूळ होते. सर्वांत साधा उपाय आधीपासून हाताशी होता : कागद आडवा करणे. ए-४ आडवा धरला की तोच समास सोडून सुमारे ९८० बिंदू मिळतात आणि त्या काळची जवळजवळ सगळी पाने अख्खी मावतात. छपाईच्या चौकटीतली ही एक निवड अभावितपणे पोथीच्या आकाराकडे परत नेणारी होती. ती फारशी वापरली गेली नाही. उभे पान म्हणजेच पान, ही सवय दीडशे वर्षांची होती.

व्हिटमनच्या मुद्रकांना जो भेद एका मोकळ्या जागेने दाखवावा लागला, तो विद्वानांच्या एका गटाने नावासकट वेगळा केला. १९८७मध्ये सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या नियमांत पद्याच्या ओळीला एक खूण आहे आणि मूळ प्रतीतील कागदी ओळभंगाला दुसरी. दोन्ही एकाच संहितेत एकमेकींना न अडवता राहू शकतात. भारतीय साहित्यात याच विवेकाचे जुने उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा पाठ क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी संगणकात भरला आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो सुधारून प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक ओळीआधी पत्ता आहे : पर्वाचे दोन अंक, अध्यायाचे तीन, श्लोकाचे तीन आणि त्यापुढे श्लोकार्ध दाखविणारे एक अक्षर. छापील पानाची रुंदी त्या पत्त्यात कोठेच येत नाही. पोथीतल्या दुहेरी दंडाने आणि अंकाने जे काम केले तेच हा पत्ता करतो. फक्त तो ओळीच्या शेवटी नाही, आरंभी आहे. उजवा काठ कापला गेलाच तर हरवलेले नेमके काय, हे त्यामुळे सांगता येते.

दंडाचे स्वतःचे दैव मात्र अजून सुधारलेले नाही. युनिकोडच्या ओळभंगाच्या नियमांनुसार दंडाच्या आधी ओळ तोडायची नाही. पण मोकळी जागा आली की तिच्यानंतर ओळ तोडता येते, आणि हा नियम आधी लागू होतो. मराठी-संस्कृत टंकलेखनात दंडाच्या आधी मोकळी जागा सोडण्याची रीत सर्रास आहे. परिणामी अरुंद खिडकीत किंवा अरुंद कागदावर ओवी एका ओळीवर संपते आणि तिचा दुहेरी दंड, अंकासह, पुढच्या ओळीच्या तोंडाशी जाऊन बसतो. त्या जागी न तुटणारी मोकळी जागा टंकली तर हे टळते. अशी काळजी घेतलेल्या ओवीसंहिता वेबवर आजही शोधाव्या लागतात.